बंद दाराचा नियम

रविवारी सकाळी माझा भाऊ गेला. तो सांगलीत होता, मी साताऱ्यात होते. त्याच्या खोलीला आतून कडी होती. त्याचे मित्र दहाला आले आणि दाराबाहेर उभे राहिले. दार मोडलं तेव्हा अकरा वाजून गेले होते.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. केव्हा, ते त्यांना सांगता येईना. नऊला असेल, साडेदहालाही असेल. नऊला असेल तर त्या तिघांचा काही दोष नाही. साडेदहाला असेल, तर तो आत जिवंत होता आणि हे बाहेर उभे होते. मला जे लिहायचं आहे ते या तासाबद्दल. पण त्याआधी तो खेळ सांगायला हवा, आणि तो सांगताना सांगणारा माणूस मूर्ख दिसतो. त्याला इलाज नाही.

खेळ असा. चार मोठी माणसं सतरंजीवर बसतात. त्यांतला एक सांगणारा. तो म्हणतो, तुम्ही जंगलात आहात. बाकीचे ते मान्य करतात. प्रत्येकाच्या हातात एक कागद असतो. त्यावर त्यानं घेतलेल्या सोंगाचं नाव, त्याची ताकद, अक्कल आणि जवळची शस्त्रं. मधे पट नसतो, सोंगट्या नसतात. सांगणारा म्हणतो, झाडामागून लांडगा आला, काय करता? मग ज्याला एस.टी.त शेजाऱ्याला ‘जरा सरका’ म्हणायचं धाडस होत नाही, तो म्हणतो, मी तलवार उपसतो. तलवार लागली की नाही ते फासा ठरवतो. असं सकाळी दहापासून दुपारच्या चहापर्यंत. यात कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही आणि खेळ संपतही नाही. पुढच्या रविवारी पुन्हा तेच जंगल आणि तोच लांडगा.

आमचे वडील लष्करातून सुभेदार होऊन निवृत्त झाले होते. भावानं त्यांना हा खेळ एकदाच समजावून सांगितला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, “लढायचंच आहे तर भरती हो. तिथं जेवण पण मिळतं.”

भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी लहान. सांगलीला पाटबंधारे खात्याच्या कचेरीत नकाशे काढायच्या कामावर होता. हळदीच्या एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर त्याची खोली होती. एक खिडकी, एक कॉट आणि बाहेर लांब गॅलरी. पायऱ्या चढतानाच नाकात हळद जायची, आणि त्याचे पांढरे शर्ट चार धुण्यांत पिवळसर व्हायचे. मी साताऱ्यात एका कॉलेजच्या ग्रंथालयात होते. महिन्यातून एकदा शनिवारी अर्धा दिवस भरून मी कराडवरून सांगलीला जायची. आईनं दिलेले डबे पोचवायचे, त्याची खोली झाडायची आणि रविवारी संध्याकाळच्या गाडीनं परत. म्हणजे महिन्यातला एक रविवार मला हा खेळ बघावा लागायचा.

हा खेळ सांगलीत आला तो आमच्या मावसभावामुळे. नव्वद सालानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. मावसभाऊ परदेशातून आला होता आणि एका दिवसासाठी भावाकडे उतरला. त्याच्या बॅगेत या खेळाच्या नियमांचं जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. संध्याकाळच्या गाडीनं तो पुण्याला जायचा होता. भावानं पुस्तक उचललं आणि स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात पळत गेला. झेरॉक्सवाल्याची एक पद्धत होती. जाड पुस्तक दर पानाला फिरवत बसायचं नाही, आधी सगळी उजवी पानं काढायची आणि मग पुस्तक उलटं धरून सगळी डावी. उजवी पानं झाली आणि वीज गेली. साडेपाचपर्यंत आली नाही. मावसभाऊ पुस्तक घेऊन गाडीत बसला. भावाच्या हातात अर्धं पुस्तक राहिलं. त्यातलं प्रत्येक वाक्य कुठंतरी मधेच सुरू व्हायचं आणि पान संपलं की तुटायचं.

शहाण्या माणसानं ते कागद खालच्या गोदामात हळद बांधायला दिले असते. भावानं वही आणली आणि डावी पानं स्वतः लिहायला बसला. अलीकडचं वाक्य काय म्हणतंय, पलीकडचं कुठून सुरू होतंय, हे बघून मधलं पान तो रचायचा. कचेरीत धरणाचे नकाशे काढणारा माणूस घरी येऊन पुस्तकातले खड्डे भरत बसायचा. दोन वर्षं हे काम चाललं. मग त्यानं ते मला दाखवलं. मी म्हटलं, तुझं अक्षर कुणाला लागायचं नाही. आणि मीच बसून सगळे नियम मराठीत, स्वच्छ अक्षरात उतरवून काढले, त्याच्या तिन्ही मित्रांसाठी तीन प्रती. मला त्या खेळाचा तिटकारा होता, तरी मी लिहिलं. धाकट्या भावाचं अर्धवट काम दिसलं की माझा हात आपोआप पुढे व्हायचा.

आता ते तिघे. एक तासगावचा, घरचा बेदाण्याचा मोठा व्यवहार. सोंगात तो जगातल्या सगळ्या भाषा जाणणारा मांत्रिक होता. घरी, मला बेदाण्याच्या शेडवर बसायचं नाही, एवढं एक वाक्य त्याला वडिलांना सांगता आलेलं नव्हतं. दुसरा सांगलीचाच, औषध कंपनीचा प्रतिनिधी. टाय लावून, कातडी बॅग घेऊन दिवसभर डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेर बाकावर बसायचा आणि आत बोलावलं की तीन मिनिटं बोलून बाहेर यायचा. हा सोंगात चोर, कुठल्याही खोलीत कुणाला न कळता शिरणारा. तिसरा मिरजेचा. त्याच्या घरी पिढ्यान् पिढ्या सतारी बनतात. तो फार बोलत नसे. सोंगात तो योद्धा होता, आणि चार वर्षांत त्याच्या योद्ध्यानं स्वतःहून कुणावर हात उचललेला मी बघितला नाही. फासेही त्यानंच केले होते, सतारीच्या उरलेल्या लाकडातून. वीस बाजूंचा फासा करणं सोपं नसतं म्हणे. त्याचा फासा तेराच्या बाजूला जड होता आणि वरचेवर तेराच पडायचे. सगळ्यांना हे माहीत होतं, तरी प्रत्येक वेळी तेरा पडले की तिघंही श्वास रोखायचे. अशा माणसांना काय म्हणावं?

बंद दाराचा नियम भावाच्या वहीतला, म्हणजे डाव्या पानावरचा. एका उजव्या पानाच्या तळाशी बंद दाराबद्दलचं वाक्य सुरू होऊन तुटलं होतं. पुढचं पान नाही. या नियमाची गरज तासगावकरामुळे पडली. बंद दार दिसलं की तो विचार न करता म्हणायचा, “लाथ घालतो.” मग वरून उकळतं तेल पडायचं किंवा आतून बाण यायचे, आणि त्याच्यासकट सगळ्यांची सोंगं मरायची. दोनदा असं झाल्यावर भावानं लिहिलं, बंद दारापुढे कुणी एकट्यानं काही करायचं नाही. प्रत्येकानं पाळीनं एकेक उपाय सांगायचा. सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय दाराला हात लावायचा नाही. तीन प्रतींमध्ये हा नियम मी माझ्या हातानं लिहिला आहे. शेवटच्या वाक्याखाली रेघही मारली आहे.

या नियमाचा परिणाम असा की बंद दार आलं की रविवार संपला. एक रविवार मला चांगला आठवतो. मी कॉटवर पुस्तक घेऊन बसले होते. खाली भडंगाचा कागद पसरलेला, चौघांची बोटं तेलकट.

“आधी लॉजिकली विचार करू,” औषधवाला म्हणाला. “बिजागरी कुठल्या बाजूला?”

“डाव्या,” भाऊ म्हणाला.

“आतून की बाहेरून?”

“तुला दिसत नाही. अंधार आहे.”

“मशाल आहे की आपल्याकडे.”

“मागच्या रविवारी विझली.”

“मागच्या रविवारी मी नव्हतो. मीटिंग होती कोल्हापूरला.”

“तू नव्हतास. तुझं सोंग होतं. मशाल त्याच्याच हातात होती.”

“म्हणजे माझ्या सोंगानं मला न विचारता मशाल विझवली?”

“गड्या, तुझं सोंग तुझ्यापरीस लय शानं हाय,” तासगावकर म्हणाला. “येळंवर तरी येतंय.”

“तू गप. तुझा उपाय सांग.”

“माझा उपाय तुमी ऐकणार न्हाई. लाथ.”

“नियम!” तिघं एकदम ओरडले, सांगणाऱ्यासकट. तासगावकरानं बकाणा भरला आणि गप्प बसला.

साडेअकराला सुरू झालेलं हे दार अडीच वाजले तरी उघडलं नव्हतं. मी पुस्तक मिटून म्हटलं, “उघडा, नाहीतर घरी जा.” चौघांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कीर्तनात ढेकर दिली. मिरजेचा तेवढा खाली बघून हसला.

त्या संध्याकाळी भांडी घासताना मी भावाला म्हटलं, “अरे, यांना एकदा खऱ्या दाराबाहेर उभं कर. कडी लाव आणि बस आत. बघू किती वेळ बिजागऱ्या मोजतात.”

तो हसला. मग हसायचा थांबला. “ताई, ही चांगली कल्पना आहे.”

“कल्पना कसली? चेष्टा करतेय मी.”

“नाही, चांगली आहे.”

पुढच्या महिन्यात मी गेले तेव्हा त्यानं सगळं ठरवून ठेवलं होतं. आतून कडी लावायची. दाराखालून एक चिठ्ठी सरकवायची. “तू लिही,” तो म्हणाला. “मी लिहिली तर ओळखतील.” मी लिहिली: ‘तुम्ही किल्ल्याच्या दरवाजाबाहेर आहात. आतून कुणी बोलणार नाही.’ दार कशानं उघडायचं तेही त्यानं ठरवलं होतं. बाहेरून कुणी नुसतं ‘दार उघड’ म्हणालं की उघडायचं. बस.

ते चाळीस मिनिटं म्हणाले नाहीत. आम्ही दोघं कॉटवर बसून ऐकत होतो. औषधवाल्यानं चौकटीच्या भेगा मोजल्या. पायपुसणं उलटं करून बघितलं. चिठ्ठीतली अक्षरं उलट्या क्रमानं वाचली. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, हसू दाबताना तोंडात पदर धरला होता. भावाचे खांदे हलत होते. पोरवयात आम्ही असे हसायचो, वडील झोपलेले असताना. शेवटी तासगावकर म्हणाला, “आरं भूक लागली, दार उघड की!” आणि भावानं दार उघडलं.

मला वाटलं होतं ते चिडतील, निदान लाजतील. ते नाचले. गॅलरीत अक्षरशः एकमेकांना मिठ्या मारल्या. चार वर्षांतला सगळ्यात भारी रविवार, असं ते पुढे कित्येक महिने म्हणत होते. मोठ्या माणसांना दाराबाहेर उभं केलं आणि त्यांना तो मान वाटला. घरी परतताना गाडीत मी मनाशी म्हटलं, यांच्यापुढे हात टेकले.

त्यानंतर सात-आठ महिन्यांनी तो रविवार आला. आमच्याकडे फोन नव्हता, शेजाऱ्यांकडे आला. मीच जाऊन घेतला. औषधवाला बोलत होता, पण त्याला वाक्य पुरं करता येत नव्हतं. भावाला साताऱ्याला आणलं, माहुलीच्या स्मशानघाटावर नेलं. तो सव्वीस वर्षांचा होता.

खाली गोदामामागे राहणाऱ्या त्याच्या घरमालकीणबाई दहाव्याला आल्या होत्या. स्वयंपाकघरात आईजवळ बसून त्या म्हणाल्या, “मी खालून आवाज ऐकत होते हो. हे तिघं दाराशी उभे राहून हसत होते. आत पोरगं तसं, आणि हे हसतायत.” आईनं डोळ्यांना पदर लावला. मी डाळ निवडत होते. निवडत राहिले.

तेराव्याला ते तिघंही आले. इस्त्रीचे कपडे घालून. बैठकीच्या खोलीत भिंतीशी ओळीनं बसले. वडील आत आले आणि त्यांच्यासमोर उभे राहिले. चेहऱ्यावर काही नव्हतं, आवाज कवायतीच्या मैदानावरचा होता.

“दाराला आतून कडी. हाक मारली, उत्तर नाही. तुम्ही काय केलंत?”

तासगावकरानं मांडी बदलली.

“मी विचारतोय. काय केलंत?”

“आमाला वाटलं, खेळ हाय,” तासगावकर म्हणाला.

“खेळ? माणूस दार उघडत नाही, याला खेळ म्हणतात? हे कुणी शिकवलं तुम्हाला? कुणाच्या डोक्यातून निघालं हे?”

तिघांनी माना खाली घातल्या. औषधवाला टाचणीनं टोचल्यासारखा एकदा हलला आणि पुन्हा स्थिर झाला. वडील वाट बघत राहिले. मग म्हणाले, “जेवून जा,” आणि बाहेर गेले. मी पानं वाढली. मला तेव्हा वाटलं, यांच्याजवळ उत्तर नाही. चार वर्षं बोलबोल बोलणारी माणसं, एका सरळ प्रश्नाला गप्प. मी वाढताना तासगावकराच्या पानात भात असा टाकला की शितं त्याच्या मांडीवर उडाली. त्यानं वेचून खाल्ली.

ते वर्ष मी त्यांचा तिरस्कार करत काढलं. त्यात मला दुसरं काही करावं लागलं नाही, हे आता कळतं. ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारताना मी त्या गॅलरीतली वाक्यं रचायची. कोण काय म्हणाला असेल, कोण हसला असेल. दवाखान्यांची दारं पाठ असलेल्या माणसाला एक डॉक्टर बोलवावासा वाटला नाही. लाथेशिवाय दुसरा उपाय न सुचणाऱ्याला त्या दिवशी नेमकी लाथ सुचली नाही. वडिलांनी भावाच्या वह्या आणि झेरॉक्सचे कागद वर्तमानपत्रांबरोबर रद्दीत घातले. रद्दीवाला दारात वजन करत होता तेव्हा मी तिथं उभी होते. मी अडवलं नाही.

वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी मिरजेचा साताऱ्याला आला. घरी आला नाही. कॉलेजमध्ये आला आणि ग्रंथालयाच्या दारात उभा राहिला. मी त्याला बाहेर बाकावर बसवलं. घरी नेलं असतं तर वडिलांनी पुन्हा विचारलं असतं.

“ताई, मला तुम्हाला एक सांगायचंय,” तो म्हणाला. “वर्षभर पचवायचा प्रयत्न केला, पचत नाही.”

मी हातातला शिक्का बाकावर ठेवला.

“आम्ही गेलो तेव्हा दाराच्या कडीला दुधाची पिशवी लटकत होती. दार ठोठावलं. हाक मारली. मग मी म्हटलं, दार उघड. आधी तेच म्हटलं, मागच्या वेळी तेवढ्यानंच उघडलं होतं म्हणून. उघडलं नाही. तर आमचा औषधवाला म्हणाला, मागचंच उत्तर पुन्हा कसं असेल? या वेळी कोडं वेगळं असणार. चिठ्ठी नव्हती. तर म्हणाला, चिठ्ठी नसणं हीच खूण. दुधाची पिशवी हीसुद्धा खूण.”

“दूध नासत होतं,” मी म्हटलं. “ती खूण नव्हती.”

“हो ताई.”

“आणि हसत होतात.”

“हसत होतो. पहिला अर्धा तास हसत होतो.” त्यानं तळवे गुडघ्यांवर पुसले. सतारवाल्यांच्या हातांना लाखेचा रंग कायमचा बसलेला असतो. त्याचे तसेच होते. “मग आत भांडं पडलं.”

मी त्याच्याकडे बघितलं.

“माझा कान चुकत नाही. पितळी होतं, पाणी असलेलं. आधी भांडं, मग पाणी सांडल्याचा आवाज. साडेदहा वाजले असतील. मी म्हटलं, आत भांडं पडलं. हा म्हणाला, बघ, तो आपल्याला इशारा देतोय. मग त्या भांड्यावर बोललो. पाण्याचा अर्थ काय. वीस मिनिटं. तासगावचा तीनदा म्हणाला, लाथ घालू का? तीनदा. दोन वेळा आम्ही नियम म्हणालो. तिसऱ्या वेळी तर मीच म्हणालो. मग खालून बाई आल्या. त्या म्हणाल्या, मेल्यांनो, आज त्यानं पाणी भरायलासुद्धा दार उघडलेलं नाही. आणि तासगावच्यानं लाथ घातली. एका लाथेत दार पडलं, ताई. एका.”

मला जे वर्षभर हवं होतं ते मिळालं होतं. मी ते नीट वापरलं. मी त्याला म्हटलं, तुम्ही माणसं नव्हताच. कागदावर अक्कल अठरा लिहायची आणि डोक्यात काही ठेवायचं नाही. माझा भाऊ आत पाण्यासाठी हात पुढे करत होता आणि तुम्ही पाण्याचा अर्थ लावत होता. तुम्हाला जन्मभर झोप लागू नये. मी हळू आवाजात बोलत होते, ग्रंथालयाच्या आवारात बोलतात तशी. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मान हलवत होता, जणू मी एकेक बरोबर मुद्दा सांगत होते.

शेवटी मी म्हटलं, “तेराव्याला वडिलांनी विचारलं तेव्हा हे का नाही सांगितलंत? तेव्हा का मुंडकी खाली घातलीत?”

समोर पोरं सायकली काढत होती, तो त्यांच्याकडे बघत राहिला.

“त्यांनी ‘काय केलंत’ तेवढंच विचारलं असतं तर सांगितलं असतं, ताई. त्यांनी विचारलं, हे कुणाच्या डोक्यातून निघालं.”

“मग?”

“चिठ्ठीवरचं अक्षर तुमचं होतं.”

मी माझ्या बोटांवरच्या शाईकडे बघितलं.

“आमच्याकडे तीन वह्या आहेत तुमच्या अक्षरातल्या. चार वर्षं रोज बघत होतो आम्ही ते. पहिल्याच दिवशी ओळखलं. गॅलरीत नाचलो ते त्यासाठीच, की ताई पण खेळायला लागल्या म्हणून.” तो उठला. “तेराव्याला येताना गाडीत ठरलं. कोण काय विचारेल ते माहीत नव्हतं. पण हे बोलायचं नाही. तासगावच्यानंच आधी काढलं.”

“एकमतानं?” मी विचारलं. माझ्या आवाजातला तिरकसपणा अजून गेला नव्हता. तो जायला तयार नव्हता.

“हो,” तो म्हणाला. “फार वेळ नाही लागला.”

तो स्टँडकडे चालत गेला. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं, हे तो फाटकाबाहेर गेल्यावर लक्षात आलं.

लोक म्हणतात, अशा वेळी राग निवळतो. माझा निवळला नाही. त्या तिघांबद्दल मला जे वाटत होतं ते आजही वाटतं. माणूस मरत असताना कोडं सोडवत बसणाऱ्यांबद्दल दुसरं काय वाटणार? फक्त त्या ओळीत भिंतीशी आणखी एक जण बसला पाहिजे होता, आणि तो त्या दिवशी पानं वाढत होता. भात आपटत होता. खेळाला नावं ठेवणारी मी, त्यातले नियम स्वच्छ अक्षरात लिहिले मी, रेघ मारली मी. आणि ज्या एका दिवशी मी तो खेळ खेळले, त्या दिवशी मी त्यांना शिकवलं की दार आतून बंद असेल आणि आतून कुणी बोलत नसेल, तर आत सगळं ठीक आहे. आत हसू चाललं आहे.

त्यांनी ते एकदाच शिकवलेलं बरोबर लक्षात ठेवलं. मी ग्रंथालयात इतकी वर्षं काढली. सांगितलेलं इतकं नेमकं लक्षात ठेवणारे वाचक मला फार भेटले नाहीत.

वडिलांना मी सांगितलं नाही. ते पुढे नऊ वर्षं जगले आणि त्या तिघांची नावं निघाली की उठून बाहेर जायचे. सांगायचं ठरवून मी दोनदा त्यांच्या खुर्चीपर्यंत गेले होते. एकदा त्यांनी विचारलं, “चहा टाकतेस का?” मी टाकला. दुसऱ्यांदा ते झोपले होते. आईला सांगायचा प्रश्नच आला नाही. तिनं त्या रविवारबद्दल कधी काही विचारलं नाही, आणि तिला काय माहीत होतं ते मला माहीत नाही.

तासगावकर शेवटी शेडवरच बसला. औषधवाल्यानं नोकरी सोडली आणि स्वतःचं दुकान टाकलं. या बातम्या मला मिरजेहून कळतात. दिवाळीला एक पोस्टकार्ड येतं, त्यावर चार ओळी असतात. मी उत्तर पाठवते, त्याही चारच ओळी. टपाल महाग झालं, कार्डं दिसेनाशी झाली, तरी ते येतं. माझं अक्षर आता पूर्वीइतकं स्वच्छ राहिलेलं नाही.

आई-वडील नाहीत. घरमालकीणबाई नाहीत. गोदाम पाडलं असं ऐकलं. त्या रविवारी काय झालं आणि का झालं हे माहीत असलेली माणसं आता चार आहेत. तिघं तिकडे, मी साताऱ्यात.